सव्वादोन हजेऱ्यांनी अपात्र : एका कमावत्या कुटुंबाच्या तातडीच्या मदतीचं प्रकरण

हे प्रकरण एका छोट्या मदतसंस्थेच्या नोंदींवरून आणि ते हाताळणारी कार्यकर्ती व समन्वयक यांच्याशी झालेल्या बोलण्यावरून लिहिलं आहे. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून गाव, नावं आणि प्रत्यक्ष रकमा काढल्या आहेत. रकमांच्या जागी ‘हजेरी’ हे माप घेतलं आहे. घरातल्या बाईंना एका पाळीची जी मजुरी मिळते, ती एक हजेरी. सोय ओळख लपवण्यासाठी केली, पण हिशेब समजायलाही ती बरी पडली. कुठला खर्च भागवायला किती दिवस राबावं लागतं, ते लगेच दिसतं.

पार्श्वभूमी

घरात पाच माणसं. नवरा स्वतःच्या दुचाकीवर घरपोच माल पोचवतो, जितक्या फेऱ्या तितके पैसे. बायको एका पॅकिंगच्या कारखान्यात रोजंदारीवर, सकाळी आठ ते पाच. नऊ आणि चार वर्षांच्या दोन मुली आणि नवऱ्याची आई. आईंना मधुमेह, गोळ्या चालू.

चांगल्या महिन्यात बाईंच्या २६ हजेऱ्या भरत आणि पेट्रोल वजा जाता नवऱ्याचे साधारण ३० हजेऱ्यांइतके पैसे येत. एकूण ५६. खर्च असा : खोलीभाडं १४, गाडीचा हप्ता ६, सासूबाईंची औषधं २, वीज २, गॅस २, मुलींचं शाळा-पाळणाघर ३, बस-फोन-किरकोळ ५ आणि खाणं २०. बेरीज ५४. म्हणजे महिनाअखेर दोन दिवसांची मजुरी हातात, तीही कुणी आजारी पडलं नाही तर.

खाण्यावर खर्चाच्या एक तृतीयांशाहून थोडं जास्त जात होतं. घर जितकं गरीब तितका खर्चातला खाण्याचा वाटा मोठा, हे अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञानं १८५७ मध्येच बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांच्या जमाखर्चांवरून दाखवलं होतं. त्या हिशेबानं हे घर अगदी तळाचं नव्हे. दोघं कमावते, कर्ज फक्त गाडीचं, भाडं वेळेवर. अशी घरं मदतसंस्थांच्या दारात सहसा येत नाहीत, आणि आली तर कुठल्या रकान्यात बसवायची ते संस्थेला कळत नाही.

मग नवऱ्याचा अपघात झाला. उजव्या हाताचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. फेऱ्या बंद म्हणजे उत्पन्न शून्य. दवाखान्याच्या खर्चासाठी ओळखीच्या सावकाराकडून १५ हजेऱ्यांइतकं कर्ज काढलं, आठवड्याला शेकडा पाच व्याजानं. ऐकायला पाच टक्के, पण वर्षाचं धरलं तर मुद्दलाच्या अडीचपटीहून जास्त.

अडचण

पुढच्या महिन्यात घरात २४ हजेऱ्या आल्या, कारण दवाखान्यापायी बाईंचे दोन खाडे झाले होते. खाणं सोडून बाकीचा खर्चच ३४ चा. आता कापायचं काय? भाडं थकलं तर घरमालक दारात येतो, हप्ता थकला तर फोन सुरू होतात, वीजबिल थकलं तर नोटीस येते. थाळीतली भाकरी कमी केली तर मात्र कुणीच काही विचारत नाही. म्हणून कात्री तिथेच लागते. आधी बाईंनी दुपारचा डबा न्यायचं सोडलं, मग सासूबाईंनी ‘मला भूक नाही’ म्हणायला सुरुवात केली. मुलींच्या ताटाला हात लागला नव्हता.

चौथ्या आठवड्यात बाईंनी संस्थेला फोन करून एकच प्रश्न विचारला, ‘धान्याचं किट मिळेल का?’ फोनवरच्या मुलानं नियमाप्रमाणे मागच्या तीन महिन्यांचं उत्पन्न विचारलं. अपघाताच्या आधीचे दोन्ही महिने हंगामाचे, जादा पाळ्यांचे होते : ६० आणि ५८. तिसरा २४ चा. सरासरी निघाली ४७ च्या थोडी वर आणि पाच माणसांच्या घराला संस्थेची मर्यादा ४५. नोंद झाली, ‘दोघे कमावते, अपात्र.’ सव्वादोन हजेऱ्यांनी.

तीन महिन्यांची सरासरी घेण्यामागे कारण होतं. रोजंदारीचं उत्पन्न वरखाली होत असतं, एका वाईट आठवड्यावर निर्णय नको म्हणून तो नियम केलेला. पण सरासरी कायमची गरिबी मोजायला बरी. पाय घसरल्याला चार आठवडे झालेल्या माणसाची अडचण तिच्यात दिसतच नाही, उलट मागच्या हंगामात मर मर राबल्याचा दंड त्याला भरावा लागतो.

प्रकरण तिथेच संपलं असतं. पण थोरल्या मुलीच्या वर्गशिक्षिकांच्या लक्षात आलं की ती शाळेत मिळणाऱ्या खाण्यातलं अर्धं दप्तरात ठेवते. त्यांनी संस्थेतल्या ओळखीच्या कार्यकर्तीला कळवलं.

कार्यकर्ती संध्याकाळी साडेसहाला घरी गेली. ही वेळ मुद्दाम सांगतो, कारण त्याआधी बाई घरी नसत्याच. तिनं उत्पन्न विचारण्याआधी खाण्याचं विचारलं : गेल्या सात दिवसांत जेवण पुरणार नाही अशी काळजी वाटली का, एखादं जेवण टाळलं का, घरातलं अन्न संपलं का, दिवसभर उपाशी राहावं लागलं का. जागतिक अन्न व कृषी संघटनेची अन्न-असुरक्षितता मोजायची आठ प्रश्नांची पट्टी आहे, तिचाच हा घरगुती अवतार. शेवटचा प्रश्न सोडून बाकी सगळ्यांना ‘हो’ आलं. मग तिनं आणखी दोन गोष्टी विचारल्या, ज्या फॉर्मात नव्हत्या. कुणाचं औषध चालू आहे का? आणि चूल कशावर पेटते?

गॅस तीन दिवसांपूर्वी संपला होता. शेजारणीच्या शेगडीवर रात्री एकदाच रांधून घेत होते. सासूबाई गोळ्या पुरवून वापरत होत्या, एक दिवसाआड. ज्या दिवशी गोळी घेत, त्या दिवशी जेवण अर्धं. आदल्या आठवड्यात त्यांना दरदरून घाम येऊन हातपाय थरथरले होते. ‘अशक्तपणा असेल’ म्हणून सोडून दिलेलं.

समोर असलेले पर्याय

दुसऱ्या दिवशी कार्यकर्ती आणि समन्वयक बसले. सगळ्यांत सोपा पर्याय किटचा : संस्थेकडे पिशव्या तयार असतात, देऊन टाकायची. त्यावर कार्यकर्तीनं दोन हिशेब मांडले आणि माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यांत महत्त्वाचा भाग तोच आहे.

पहिला हिशेब किटमध्ये असतं किती याचा. दहा किलो धान्य, दोन किलो डाळ, एक लिटर तेल, एक किलो साखर, आणि पिशवीवर छापलेलं ‘१५ दिवसांचं किट’. धान्यात किलोला साधारण ३५०० किलोकॅलरी, डाळीत थोड्या कमी, लिटरभर तेलात आठ हजारांच्या आसपास, साखरेत चार हजार. सगळं मिळून ५४ हजार. आपत्तीतल्या मदतीसाठी जगभर वापरली जाणारी स्फिअर मानकं नियोजनाला माणशी दिवसाला २१०० किलोकॅलरी धरतात. हा आकडा लोकसमूहाच्या सरासरीचा आहे. चार वर्षांच्या मुलीला कमी लागतं, दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या बाईला जास्त. तरी ढोबळ मानानं पाच माणसांना दिवसाला १०,५०० लागतात. म्हणजे पिशवी पाच दिवसांची. पंधरा दिवस ती एका माणसाला तर सहज पुरते, दोघांना नाही. संस्थेत वर्षानुवर्षं ही पिशवी भरली जात होती आणि भागाकार कुणी केला नव्हता.

दुसरा हिशेब किट आणायला लागतं किती याचा. वाटप कामाच्या दिवशी अकरा ते एक, अर्जदारानं स्वतः येऊन सही करायची. कारखान्यात अर्धी सुट्टी नाही, उशिरा आलं की पूर्ण दिवसाचा खाडा. खाडा झाला की त्या महिन्याचा पूर्ण हजेरीचा भत्ताही जातो, तो दोन हजेऱ्यांचा. म्हणजे तीन हजेऱ्या गमावून जे किट आणायचं, त्याची बाजारातली किंमतही जवळपास तीनच हजेऱ्या. शिवाय बसचं भाडं आणि चौदा किलोचं ओझं. ज्या माणसाला दुपारी अकरा वाजता रिकामा वेळ आहे, त्याच्यासाठी बनवलेली मदत काम करणाऱ्या माणसाला अशी महाग पडते.

दुसरा पर्याय कूपनचा : घराजवळच्या किराणा दुकानात संध्याकाळी चालेल असं. तिसरा, रोख रक्कम. समन्वयकांचा रोखीला विरोध होता, पैसे सावकाराकडे जातील म्हणून. कार्यकर्तीचं म्हणणं, कूपन दिलं तरी तेच होईल, कारण खाण्यावरचे वाचलेले पैसे त्यांच्याकडेच राहणार. तिचं बरोबर होतं. अन्नाची मदत शेवटी पैशाचीच मदत असते, फक्त ती देणाऱ्याला तशी दिसत नाही. पण रोखीसाठी समितीची मंजुरी लागत होती, समिती तीन आठवड्यांनी बसणार होती आणि तेवढा वेळ नव्हता. कूपनचा निर्णय तत्त्वापेक्षा कॅलेंडरनं झाला.

आणि पात्रतेचं काय? नियमावलीत एक ओळ होती, ‘अपवादात्मक परिस्थितीत मागील १४ दिवसांचे उत्पन्न ग्राह्य धरता येईल, समन्वयकाच्या सहीने.’ ती कुणी वापरत नसे. समन्वयकांनी थोडी कुरकुर केली, उद्या सगळेच अपवाद मागतील म्हणून, आणि सही केली.

सगळ्यांत जास्त वाद घरखर्चाच्या मदतीवर झाला. धान्यनिधीहून हा निधी वेगळा, एका कुटुंबाला बारा महिन्यांतून एकदाच आणि जास्तीत जास्त १६ हजेऱ्यांचा. समन्वयकांना पूर्ण भाडं भरायचं होतं : डोक्यावरचं छप्पर आधी, आणि देणगीदारांनाही ते पटतं. कार्यकर्तीला गाडीचा हप्ता भरायचा होता. एक हप्ता चुकला होता. दुसरा चुकला की गाडी उचलून नेणार, आणि मग हात बरा झाला तरी काम कशावर करणार? गाडी घरखर्चात कशी बसते, हा समन्वयकांचा प्रश्नही गैर नव्हता. नियमावलीत भाडं, वीज, पाणी, इंधन एवढंच लिहिलेलं होतं.

शेवटी कार्यकर्तीनं बाईंनाच विचारलं, ‘ताई, आधी काय वाचवायचं?’ त्या म्हणाल्या, ‘मॅडम, घरमालक बोलतात. गाडीवाले बोलत नाहीत, उचलून नेतात.’

काय केलं

घरभेटीच्या रात्रीच कार्यकर्तीनं कागदपत्रांशिवाय एक पिशवी पोचवली. पाच दिवस निघाले. साखर काढून डाळ वाढवावी असा तिचा विचार होता. पण दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की थोडी साखर हाताशी ठेवाच. सासूबाईंच्या गोळ्या अशा गटातल्या होत्या की पोटात अन्न असो-नसो, त्या रक्तातली साखर खाली आणतात. घाम आणि थरथर त्याचीच खूण होती. पुन्हा तसं झालं आणि शुद्ध असेल तर लगेच साखरपाणी द्यायचं, आणि जेवण टाळायचं असेल त्या दिवशी गोळीचं आधी विचारायचं. डॉक्टरांनी मात्रा बदलून दिली. दवाखान्याची ही फेरी ठरलेल्या मदतीत नव्हती, पण सबंध प्रकरणात जिवावर बेतेल अशी गोष्ट हीच होती.

गॅस दुसऱ्या दिवशी भरून दिला. शिजवायला इंधन नसताना कोरडी डाळ देण्यात अर्थ नव्हता.

मग सहा आठवड्यांची कूपनं, आठवड्याला तीन हजेऱ्यांची. घराचा नेहमीचा खाण्याचा खर्च पाहिला तर तो साधारण दोन तृतीयांश भागला. पहिल्याच आठवड्यात दुकानदारानं साबण आणि सॅनिटरी पॅड कूपनवर द्यायला नकार दिला, ‘फक्त खाद्यपदार्थ’ असा शिक्का होता म्हणून. बाईंनी भांडून नव्हे, पण स्पष्ट विचारलं की भांडी कशानं घासू? पुढच्या कूपनांवरून तो शिक्का गेला.

घरखर्चाच्या निधीतून एक हप्ता ६, वीज २ आणि भाड्यापैकी अर्धं, म्हणजे ७, असे १५ गेले. हप्त्यासाठी समन्वयकांनी ‘उपजीविकेचं साधन’ असा शेरा मारला. उरलेलं अर्धं भाडं तीन महिन्यांत फेडायचं, हे घरमालकाकडून लिहून घेतलं. भाड्याचा धनादेश थेट घरमालकाच्या नावे काढला, संस्थेची पद्धतच तशी.

नवरा ज्या कंपनीसाठी फेऱ्या करत असे तिचा अपघात विमा होता. अर्ज केला. अपघाताच्या वेळी तो ॲपमधून बाहेर पडलेला होता, घरी परतत होता, म्हणून दावा नाकारला गेला.

पुढे काय झालं

गाडी वाचली. प्लास्टर निघाल्यावर तीन आठवड्यांनी त्यानं दिवसाला थोड्या फेऱ्या सुरू केल्या आणि चौथ्या महिन्यात उत्पन्न जवळपास पूर्ववत झालं. सासूबाईंना पुन्हा तसा त्रास झाला नाही. मुलीच्या दप्तराचं शिक्षिकांनी परत काही कळवलं नाही.

कूपनं मात्र सहाव्या आठवड्याला एकदम थांबली आणि त्या सुमारास नवऱ्याची कमाई जेमतेम निम्म्यावर आली होती. पुढचे तीन आठवडे बाईंचा डबा पुन्हा बंद झाला. हे कार्यकर्तीला नंतर कळलं, तेही सहज बोलताना.

सावकाराचं मुद्दल तसंच राहिलं. बारा आठवड्यांत नऊ हजेऱ्या नुसत्या व्याजात गेल्या. कूपनांमुळे हाती राहिलेल्या पैशातला काही भाग तिकडे गेला, समन्वयकांना भीती होती तसाच. पण व्याज थकलं असतं तर ते मुद्दलात चढलं असतं.

घरमालकाचा अनुभव वेगळाच. संस्थेचा धनादेश पाहून त्याला कळलं की हे घर मदतीवर चाललंय. त्यानं ठरलेले हप्ते घेतले, पण करार संपल्यावर वाढवला नाही. कुटुंब लांबच्या वस्तीत गेलं आणि बाईंचा बसचा खर्च वाढला. त्यानं याच कारणासाठी नकार दिला असं खात्रीनं म्हणता येत नाही. बाईंना मात्र तसंच वाटतं.

काय वेगळं करता आलं असतं

धनादेशाचं आधी. थेट घरमालकाला पैसे देण्यामागे विचार असा की ते दुसरीकडे खर्च होऊ नयेत. त्या बदल्यात कुटुंबाची अडचण ज्याच्यापासून लपायला हवी त्यालाच ती कळली. भाड्याची पावती नंतर मागून कुटुंबाच्या खात्यावर पैसे देता आले असते. किमान ‘तुमच्या मालकांना आमचं नाव कळलेलं चालेल का’ एवढं विचारता आलं असतं. मदत घेताना सही केली, म्हणजे सगळ्यालाच संमती दिली असं धरून चालण्याची सवय संस्थांना फार असते.

कर्जाबद्दल कार्यकर्ती आणि माझं एकमत नाही. संस्थेचा नियम आहे की खासगी कर्ज फेडायला पैसे द्यायचे नाहीत, नाहीतर देणगी सावकाराच्या खिशात जाते. तिला तो पटतो : आज एकाचं फेडलं तर उद्या सावकारच माणसं पाठवेल. मला वाटतं, या घरात नियम उलटा लागू झाला. थकलेल्या भाड्यावर व्याज चढत नव्हतं आणि घरमालक थांबायला तयार होता. चढत होतं ते कर्जावर. भाड्याच्या सात हजेऱ्या मुद्दलात घातल्या असत्या तर व्याज जवळजवळ निम्मं झालं असतं आणि बारा आठवड्यांत चारेक हजेऱ्या घरात राहिल्या असत्या. अर्थात घरमालक सगळ्याच भाड्याला तीन महिने थांबला असता का, हे विचारलं गेलं नाही, म्हणून माझं गणित कागदावरच आहे.

कूपनांच्या शेवटच्या दोन आठवड्यांचं मूल्य चार आठवड्यांत अर्धं अर्धं वाटून द्यायला हवं होतं. संस्थेला एक पैसा जास्त लागला नसता. कामावर परतणाऱ्या माणसाची कमाई पहिल्या दिवशीच पूर्ण होत नाही, विशेषतः फेऱ्यांवर पैसे मिळत असतील तर.

फोनवरच्या पहिल्या नोंदीचा दोष त्या मुलाला देण्यात अर्थ नाही. त्याच्यासमोरच्या फॉर्मात ‘मागच्या महिन्यात काय बदललं’ असा प्रश्नच नव्हता. तो आता घातला आहे, औषध आणि इंधन यांचेही रकाने आले आहेत. ४५ च्या मर्यादेच्या आसपासचे अर्ज फोनवरच नाकारायचे नाहीत, समन्वयकांकडे पाठवायचे, असं ठरलं. पिशवीवरचं ‘१५ दिवसांचं’ पुसून ‘पाच माणसांना ५ दिवस’ असं छापलं, त्यावर एका जुन्या देणगीदारानं ‘मदत कमी केलीत का’ असं विचारलं. कर्जाच्या नियमावर समितीत दोनदा चर्चा झाली, बदल झालेला नाही. वाटपाची वेळही अजून अकरा ते एक आहे. संध्याकाळी गोदामात बसायला माणूस मिळालेला नाही, तोवर कामावर जाणाऱ्यांना कूपनच द्यायचं असं ठरलं आहे.